आमचा केसपेपर कुणाच्या बापाचा?

डॉक्टर नावाच्या जातीनं एक शपथ घेतलेली असते म्हणतात. पेशंटचं जे कळेल ते पोटात ठेवीन, ओठावर येऊ देणार नाही. शपथ चांगली आहे. तिच्याशी आमचं भांडण नाही. भांडण एवढंच, की हे पोट नेमकं कुणाच्या गुपितासाठी राखून ठेवलंय? मलबार हिलच्या शेठला मूळव्याध झाली तर ती त्याच्या सख्ख्या भावाला कळत नाही. गाडी मागच्या दाराला लागते, पडदा ओढला जातो, फाइल मोठ्या डॉक्टरच्या ड्रॉवरमध्ये जाते. आणि गोवंडीच्या, धारावीच्या, रमाबाई नगरच्या माणसाला महिनाभर खोकला राहिला की त्याचं निदान त्याच्या आधी नळावर जाऊन पोचतं.

जुन्या पोथ्यांचे उमाळे येणाऱ्यांनी चरकसंहिता उघडावी. विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतो, की रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नकोस. वा! पण तिथंच हेही सांगतो, की राजा ज्यांचा द्वेष करतो त्यांना औषध देऊ नकोस, नवरा किंवा पालक जवळ नसलेल्या बाईला देऊ नकोस. म्हणजे गुपित राखायचं ते ज्याच्या घराला दार आहे त्याचं. ज्याला औषधच द्यायचं नाही त्याचं गुपित कसलं आलंय!

आता आपलेच काही दोस्त मला हसतील. हसलेतच. परवा एक म्हणाला, "च्यायला, दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपतात, संडासला रांग लावून डबा घेऊन उभं राहतोय, अन् तू कसली गुपितं काढलीस? हे सगळं फ्लॅटवाल्यांचं दुखणं." दोस्ता, उलट आहे. फ्लॅटवाल्याचा आजार फुटला तर त्याची चार दिवस चर्चा होते. आपला फुटला तर नोकरी जाते, खोली जाते, ठरलेलं लग्न मोडतं. ज्याच्याकडे भिंती नाहीत त्याचाच कागद सगळ्यात जास्त झाकून ठेवायला हवा. २०१७ च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल फक्त टॉवरवाल्यांसाठी दिलाय असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींबरोबर काठेवाडातल्या एका शिक्षकाची हकिगत नोंदवून ठेवलीय. १९२९ सालची. शिक्षक अस्पृश्य. बायको बाळंत झालेली, आजारी पडलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठ मध्ये पडला, दोन रुपये फीची हमी मिळाली, तेव्हा आला, तेही वस्तीबाहेर तपासीन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणावं लागलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं शिक्षकाला दिलं, शिक्षकानं बायकोला. परत जाताना त्याच वाटेनं उलट. ती बाई वाचली नाही.

आज डॉक्टर थर्मामीटर स्वतःच्या हातानं लावतो, निदान शहरात तरी. तेवढं आपण लढून मिळवलंय. पण थर्मामीटरनं दाखवलेला आकडा? तो मात्र तसाच हातोहात फिरतो. तेव्हा यंत्र आपल्यापर्यंत येत नव्हतं. आता यंत्रानं सांगितलेली गोष्ट सगळ्या गावापर्यंत जाते, आणि आपल्याकडे मात्र येत नाही.

हे मी हवेत बोलत नाही. मी तीन वर्षं पूर्व उपनगरातल्या एका हॉस्पिटलात कंत्राटावर डेटा एन्ट्री ऑपरेटर होतो. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. सगळीकडे हेच आहे, एकाला का मोठं करा. सबंध मजल्याला एकच पासवर्ड. तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहिलेला. डॉक्टर, सिस्टर, आम्ही सहा ऑपरेटर, औषधाच्या कंपनीचा माणूस, सगळे त्याच पासवर्डनं आत. ओपीडीच्या दाराला दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याच्या आत एका वेळी चार पेशंट. एक बाई अंगावरून पांढरं जातं हे सांगतेय, तिच्या खांद्याला खांदा लावून एक म्हातारा बसलाय आणि दोन पोरं. ती काय सांगणार? ती सांगते, "पोटात दुखतंय." डॉक्टर पोटाची गोळी लिहितो. पुढं सहा महिन्यांनी तिच्या केसपेपरवर शेरा येतो, की पेशंटनं आजार लपवला.

आणि तो खोका! रक्त-लघवीचे रिपोर्ट एका सलाइनच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलेले असायचे. खिडकीतून हुकूम सुटायचा, "आपापला शोधून घ्या." माणसं त्या खोक्यात हात घालून शंभर जणांचे रिपोर्ट चाळायची तेव्हा कुठं स्वतःचा सापडायचा. कुणाला साखर, कुणाला कावीळ, कुणाच्या कागदावर लाल शाईचा गोल. कांबळेंच्या पोरीचा रिपोर्ट साळवेंच्या हातात. मी एकदा साहेबांना म्हटलं, निदान नंबर लावून आपल्या हातानं देऊ या. साहेब म्हणाले, "अरे, ह्या लोकांना काय फरक पडतो?"

हे लोक. ह्या दोन शब्दांत सगळी व्यवस्था बसलेली आहे, दोस्तहो.

कारण त्याच हॉस्पिटलात वरच्या एका साहेबाचे नातेवाईक ॲडमिट झाले तेव्हा काय झालं तेही मी बघितलं. फाइल वॉर्डात ठेवली नाही. कॉम्प्युटरवर नावाच्या जागी दोन अक्षरं. राउंडच्या वेळी बाकीचे सगळे बाहेर. म्हणजे यांना गुपित कसं राखायचं ते येतं. पद्धत माहीत आहे, कपाट आहे, कुलूप आहे. फक्त ते आमच्यासाठी काढायचं नसतं.

पांढरपेशे लगेच बोट दाखवतील, की वॉर्डबॉय आणि आयाबाई बोलतात म्हणून बातम्या फुटतात. हलकी माणसं, तोंडाला कुलूप नाही. खबरदार! तो खोका आयाबाईनं ठेवलेला नाही. पासवर्ड एकच असावा हे वॉर्डबॉयनं ठरवलेलं नाही. त्याला तर कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी नाही. डॉक्टर लोक आपसातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक्स-रे टाकतात, कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, नंबर छापलेला तसाच. ते फुटणं नाही, ती म्हणे 'चर्चा'. आपण बोललो की चहाडी, त्यांनी बोललं की शास्त्र.

आता दाखल्याची गोष्ट सांगतो, कारण त्यात खरी मेख आहे.

आमच्या गल्लीतले एक काका कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी. टीबी झाला. यात नवल ते काय, आयुष्य कचऱ्यात गेलं, मास्क कधी मिळाला नाही. डॉक्टरनं औषध सुरू केलं आणि रजेचा दाखला दिला. दाखल्यावर आजाराचं नाव ठसठशीत. काकांनी तो चौकीवर मुकादमाला दिला. मुकादमानं हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर वाचला. महिन्यानं काका बरे होऊन परत आले, त्यांच्या थुंकीत काही उरलं नव्हतं, तर ठेकेदार म्हणतो जागा भरली. पण त्याहून वाईट पुढंच आहे. जे चार-दोन दिवस काका चौकीवर चकरा मारत होते, तेवढ्यात त्यांच्या बाटलीतलं पाणी प्यायचं बंद झालं. त्यांचा ग्लास वेगळा ठेवला गेला. कुणी ठेवला? आपल्याच लोकांनी. १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांच्या नातवांनी. एक कागद वाचला गेला आणि आपण आपल्याच माणसाला पुन्हा पाण्यावरून बाजूला बसवलं. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण लिहिलं पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो? डॉक्टरांच्या वागणुकीचे २००२ चे नियम आहेत. २०२३ च्या ऑगस्टात नवे काढले आणि महिना संपायच्या आत गुंडाळून ठेवले, म्हणून चालतात ते २००२ चेच. त्यातलं कलम ७.१४ सांगतं, की धंद्याच्या ओघात कळलेलं पेशंटचं गुपित डॉक्टरनं उघड करायचं नाही. अपवाद तीन: न्यायाधीशाचा हुकूम, एखाद्या ठरावीक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. मुकादम यात कुठंही नाही. ठेकेदार नाही. घरमालक नाही. पण गंमत बघा, याच नियमांच्या मागं परिशिष्टात रजेच्या दाखल्याचा नमुना छापलाय आणि त्यात 'अमुक आजारानं पीडित' असं लिहायला मोकळी जागा सोडलीय. पुढच्या पानावर तोंड बंद, मागच्या पानावर तोंड उघडं. मालकाला माणूस किती दिवस कामावर येणार नाही एवढंच कळायला हवं. 'हा इसम पंधरा दिवस काम करू शकत नाही' एवढ्या ओळीत मालकाचं भागतं. आजाराचं नाव मालकाला हवं असतं ते माणूस काढून टाकायला.

कुणी म्हणेल, टीबी पसरतो, मग झाकून कसं चालेल? बरोबर. झाकू नका. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे आणि ते असायलाच पाहिजे. घरातल्यांची तपासणी व्हायलाच पाहिजे. पोषणाचे पैसे, जे २०१८ ला महिना पाचशे होते आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून हजार झाले, ते पेशंटच्या खात्यात पडायलाच पाहिजेत. पण आरोग्य खातं म्हणजे गल्ली नव्हे. सरकारला कळवणं आणि गावाला दवंडी देणं यात फरक आहे, तो या देशात आपल्या वस्तीच्या हद्दीवर येऊन पुसला जातो. १८९७ च्या प्लेगात इंग्रजानं साथीचा कायदा केला, घरं उपसली, माणसं ओढून छावणीत नेली. त्याच वर्षी त्याच प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं तापलेलं पोर पाठीवर घालून यशवंतच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्यातच गेल्या. साथ हाताळायच्या दोन तऱ्हा तेव्हापासून आपल्यासमोर आहेत. २०२० ला तोच १८९७ चा कायदा बाहेर निघाला आणि दारांवर कागद चिकटले. त्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की सक्षम अधिकाऱ्यानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली खास हुकूम दिल्याशिवाय असे कागद लावू नका. तोवर कागदानं करायचं ते काम केलं होतं.

आणि एचआयव्हीचं तर काय सांगावं. १९८९ साली गोव्यात डॉमनिक डिसूझा नावाचा तरुण. गुन्हा काय, तर रक्तदान करायचा. रक्तात विषाणू सापडला आणि डॉक्टरच्या आधी पोलीस आले. ६४ दिवस टीबीच्या बंद पडलेल्या दवाखान्यात एकटा कोंडला. आई मुंबई हायकोर्टात गेली, कोर्टानं कोंडायचं कलम उचलून धरलं. १९९२ ला तो वारला. १९९७ ला त्याच हायकोर्टानं एका रोजंदारी कामगाराच्या बाजूनं निकाल दिला: रक्तात विषाणू आहे पण काम करायला धडधाकट आहे, तर काढता येणार नाही. त्या कामगाराला कोर्टानं नाव न लावता लढायची मुभा दिली. निकालाच्या पुस्तकात तो नुसता दोन अक्षरं आहे. माझ्या दृष्टीनं त्या निकालातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. एक रोजंदारीवाला, आणि अख्खं हायकोर्ट त्याचं नाव पोटात ठेवतंय! २०१७ ला एचआयव्हीचा कायदा झाला, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला बंदी आली. तरी वॉर्डात खाटेवर निराळी चिठ्ठी लागतेच. मी लागलेली बघितलीय.

ठरवलं तर जमतं, याचा जुना पुरावाही आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा घ्या. त्याच्या नियमांत सांगितलंय, की बाईचं नाव फक्त एका रजिस्टरात राहील, ते रजिस्टर गुप्त; बाकीच्या कागदांवर नाव नाही, नुसता अनुक्रमांक. २०२१ च्या दुरुस्तीनं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. साधा अनुक्रमांक! त्याला ना कॉम्प्युटर लागतो ना परदेशी तज्ज्ञ. मग टीबीच्या, त्वचारोगाच्या, वेड्यांच्या ओपीडीत नंबर पुकारायला काय धाड भरते? "ए कांबळे, टीबीवाली, हिकडं ये" असं ओरडलं नाही तर औषध लागू पडत नाही काय?

आता उलटी बाजू. जी मला सगळ्यात जास्त चीड आणते.

आमचा कागद सगळ्यांना दिसतो, फक्त आम्हाला दिसत नाही. केसपेपर मागितला की तेच साहेब, ज्यांनी खोका उघडा ठेवला होता, एकदम शपथेवर येतात: "ते गोपनीय असतं." कुणापासून गोपनीय? माझ्या फुप्फुसाची गोष्ट माझ्यापासून गोपनीय? मुंबई हायकोर्टानं १९९६ लाच रहेजा खटल्यात हे ढोंग फोडलंय: गोपनीयतेचं कारण सांगून पेशंटला त्याचे कागद नाकारता येणार नाहीत. २००२ च्या नियमांत लिहिलंय, की ॲडमिट झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? आणि तीन वर्षं म्हणजे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं. उशीर केलात तर 'नष्ट केले' असं उत्तर येतं.

हे नुसत्या तत्त्वाचं भांडण नाही. गटारात उतरून माणूस मरतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं त्याच्या घरच्यांना दहा लाख ठरवले, २०२३ च्या ऑक्टोबरात तीस लाख केले. ते मिळणार कशावर? कागदावर. माणूस गटारातल्या गॅसनं मेला की 'हृदयक्रिया बंद पडून', हे हॉस्पिटलच्या कागदावर ठरतं. हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते, पंतप्रधानाचीही पडेल. बाई कुंकू पुसून, पदर डोक्यावर घेऊन रेकॉर्ड रूमच्या खिडकीत उभी राहते आणि आतून आवाज येतो, "साहेब नाहीत, उद्या या." त्याच वेळी ठेकेदाराच्या माणसाकडे त्या कागदाची झेरॉक्स असते. पेशंट मेला, त्याचं गुपित आता मालकाचं संरक्षण करतं. डॉक्टरची शपथ नेमकी इथं जागी होते.

कॉम्प्युटर आला की हे सगळं सुधारेल असं सांगणारे आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर चौदा आकड्यांच्या आरोग्य खात्याची योजना सुरू झाली. ऐच्छिक म्हणे. त्याच वर्षी लशीच्या रांगेत आधार दाखवलेल्या कितीतरी लोकांचं खातं त्यांना न विचारताच उघडलं होतं, घरी जाऊन सर्टिफिकेट वाचलं तेव्हा कळलं. २०१६ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका प्रयोगशाळेचे हजारो रिपोर्ट इंटरनेटवर उघडे सापडले, त्यात एचआयव्हीचेसुद्धा. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर चोरांनी बंद पाडले. २०२३ च्या जूनमध्ये लस घेतलेल्यांची माहिती टेलिग्रामवर कुणीही मागावी आणि मिळावी अशी फिरत होती. म्हणजे पुठ्ठ्याचा खोकाच, फक्त देशाएवढा. २०२३ ला माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, नियम निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि मुख्य कलमांना त्यापुढं अठरा महिन्यांची मुदत. दंड अडीचशे कोटींपर्यंत! ऐकायला छान. पण तो जमा होतो सरकारच्या तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट फुटला त्याला भरपाई मागायचं जे जुन्या कायद्यातलं कलम ४३-अ, ते काढून टाकायची सोय याच कायद्यात करून ठेवलीय. शिवाय सरकारला वाटलं तर सरकार आपल्याच खात्यांना कायद्यातून सूट देऊ शकतं. खोटी तक्रार केली म्हणून सामान्य माणसाला मात्र दहा हजारांपर्यंत दंड. जखम आमची, पैसा त्यांचा, वर दम आम्हालाच.

एक गैरसमज मात्र नको. आपण मोजणीच्या विरुद्ध नाही. गरोदर बाईच्या नोंदणीत जातीचा रकाना असतो, तो असू द्या. दलित बाई सवर्ण बाईपेक्षा सरासरी साडेचौदा वर्षं आधी मरते, हे संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागानं २०१८ ला सांगितलं, ते कुणीतरी मोजलं म्हणून. तो आकडा आम्हाला भिंतीवर लिहायला हवाय. आकडा बाहेर येऊ द्या, नाव आत राहू द्या. आज होतं ते बरोबर उलट: नाव रांगेत पुकारलं जातं, आणि कोणत्या वस्तीत किती मेले, कोणत्या जातीचे मेले, हा आकडा मागितला की माहिती अधिकाराचा अर्ज परत येतो.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. ओपीडीत एका वेळी एक पेशंट आणि पडद्याच्या जागी दार. नावाऐवजी नंबर. रिपोर्ट हातात, खोक्यात नाही. दाखल्यावर दिवस लिहा, आजार नको. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा पासवर्ड आणि कुणी कुणाची फाइल उघडली त्याची नोंद. आणि केसपेपरची नक्कल ७२ तासांत, झेरॉक्सच्या भावात.

पहिली सुरुवात शेवटच्या मागणीपासून करू, कारण तिला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. गेल्या तीन वर्षांत घरातलं कुणी कुठल्याही हॉस्पिटलात ॲडमिट झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, पावत्या, जे काही असेल ते पिशवीत घाला आणि येत्या रविवारी सकाळी दहाला वस्तीतल्या वाचनालयात या. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि वेळ टाकून शिक्का घ्यायचा. शिक्का दिला नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा. सोमवारी आपण दहा-दहा जण मिळून खिडकीवर जाऊ. ज्यांना आजाराचं नाव दुसऱ्याला दिसू द्यायचं नसेल त्यांनी अर्ज घरूनच लिहून पाकिटात बंद करून आणावा; पाकिटं आम्ही उघडणार नाही.